ताट कुणासमोर होतं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आमच्या घरच्यांना तर हेच पटायचं नाही, की मी न सांगितलेलं असं काही शिल्लक आहे. नालवाडीच्या घरी बारसं असो की तेरवी, जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतंच, "मावशी, दवाखान्यातली एखादी होऊन जाऊ द्या." मी नको नको म्हणते आणि म्हणता म्हणताच भिंतीला टेकून बसते. माझं नको नको फार टिकत नाही.

सगळ्यांची आवडती म्हणजे ताटाची गोष्ट. आधी नेहमीसारखी सांगते.

एका खाजगी दवाखान्यात मी बायकांच्या वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर होते. सेलूकडची एक आजी साखर वाढली म्हणून भरती होती. दुपारच्या जेवणाला धरून तिला इन्सुलिन असायचं. ताट आलं, आणि नेमका तेव्हाच तिचा मुलगा गावाहून आला. आजीनं अख्खं ताट त्याच्यापुढे सरकवलं. एका नव्या सिस्टरनं ताट आलेलं तेवढं पाहिलं, जेवतंय कोण ते पाहिलं नाही, आणि सुई दिली. तासाभरात आजी घामानं चिंब, हातपाय गार, काहीबाही बरळायला लागली. शिरेतून ग्लुकोज गेलं तेव्हा डोळे उघडले. म्हणाली, "पोरानं सकायपासून काई खाल्लं नोतं, माय. मले कुठं भूक व्हती?"

इथे सगळे हसतात. मग मी आवाज खाली आणते आणि सांगते की तेव्हापासून माझ्या वॉर्डात एक नियम झाला. 'जेवण आलं का' असं विचारायचं नाही, 'काय खाल्लं' असं विचारायचं. आणि विचारूनही थांबायचं नाही — बोटं पाहायची. वरण आजीच्या बोटांना लागलंय की पोराच्या? ज्याच्या जेवणाचा भरवसा नाही, त्याच्यासाठी डॉक्टरांना विचारून घ्यायचं आणि घास पोटात गेल्यावरच सुई हातात घ्यायची.

नव्या मुलींना मी हे वर्षानुवर्षं शिकवत आले. चांगलं शिकवलं, असं त्याच म्हणतात. नियम खरा आहे. आजी खरी, ताट खरं. मग खोटं काय?

ती नवी सिस्टर. तिचं नाव वैशाली. गोष्टीत मी तिचं नाव कधी घेतलं नाही — आणि हा आपला मोठेपणा आहे, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. हसू येतं ना? मलाही येतं, पण पुरतं येत नाही.

त्या दुपारी आमच्या सिस्टरांच्या खोलीत रोडगे आणि वांग्याची भाजी आली होती. कुणाच्या तरी घरच्या कार्यक्रमातली. भाजी गरम होती, वास वॉर्डापर्यंत येत होता. तुमचा अंदाज बरोबर आहे. मी घाईत होते, आणि ती घाई कुठल्याही रोग्यासाठी नव्हती.

वैशालीनं सुई भरून मला दाखवली. मात्रा बरोबर होती. मी मान हलवली. पण ती हलेना. म्हणाली, "ताई, आजी जेवून नाई राह्यली. ताट तिचा पोरगा खाऊन राह्यला. थांबू का जराशी?"

मी पलंगाकडे पाहिलंसुद्धा नाही. "अवं, ताट आलं ना? खाईन आजी थोडंफार. काऊन डोकं खातं माह्यं?"

ती तरी उभीच. तेव्हा मी तिच्या हातातून सुई घेतली, आजीच्या दंडाला दिली आणि जेवायला गेले. मुलगा तिथेच बसला होता. त्याच्या बोटांना वरण लागलेलं होतं. ही बोटं मी पाहिली होती — सुई दिल्यावर. पाहिली आणि गेले.

आजीला आधी कुणी गाठलं? वैशालीनंच. साखर तिनंच तपासली, डॉक्टरांना हाक तिनंच मारली. मी आले तेव्हा जेवणानंतरच्या गप्पांत माझा हातसुद्धा धुवायचा राहिला होता.

मेट्रन बाईंनी दोघींना बोलावलं. आजी वैशालीच्या वाट्याची, म्हणून सुई तिनंच दिली असणार हे त्या धरूनच चालल्या होत्या. जेवली का ते विचारलं नाहीस का, असं त्यांनी तिला विचारलं. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन याची ती वाट पाहत होती. मग बाईंनी मला विचारलं, "तुम्ही हिला सांगितलं नव्हतं?"

मी म्हटलं, "सांगितलं होतं."

बस, एवढंच. वैशाली कुणापुढे बोलणार होती — माझ्यापुढे? तिची नेमणूक अजून पक्की व्हायची होती. ती झाली नाही. जायच्या दिवशी ती वॉर्डात आली, "येते, ताई," म्हणाली. मी तिला म्हटलं, "नीट पाहून काम करत जाजो." हो, असंच म्हटलं.

आता माझी भाची पल्लवी नर्सिंगला आहे. मागच्या रविवारी सगळे जमले होते, ती म्हणाली, "मावशी, ते वैशाली सिस्टरवाली सांग ना. आमच्या कॉलेजात सगळ्यांले माहीत आहे." मी नाव कधी घेतलं नव्हतं. नाव माझ्याशिवायच सगळीकडे गेलं होतं. ज्या मुलींनी वैशालीला कधी पाहिलं नाही, त्यांना ती ठाऊक आहे — न पाहता सुई देणारी म्हणून.

पल्लवी समोर बसली होती. सांगायचं तर तीच वेळ होती. मी सुरुवात केली, ताटापर्यंत आले, आणि नेहमीसारखीच सांगितली. आजीच्या वाक्याला सगळे हसले. पल्लवी सगळ्यांत जास्त हसली.

वैशालीनं विचारलं होतं. सुई मी दिली.