भाकरीचं वजन

धाकट्या भावाच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा तो एकेचाळीस वर्षांचा होता. मुखेडला त्याचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. आठवड्यातून दोनदा ते बंद ठेवून नांदेडला डायलिसिसला जावं लागायचं. माझी किडनी त्याला जुळत होती. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "बाई, अठ्ठ्याहत्तर किलोवर तुमचं ऑपरेशन जोखमीचं आहे. आधी दहा किलो उतरवा."

मी अहमदपूरला गणित शिकवते. दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ मुलीनं मांडलेला हिशेब मला लगेच कळला. माझं वय, उंची, वजन धरून ती म्हणाली, नुसतं पडून राहिलात तरी शरीराला साडेतेराशे कॅलरी लागतात. शाळा आणि घरकाम धरून साडेअठराशे. त्यातून पाचशे वजा करायच्या. म्हणजे रोज साडेतेराशे खायच्या. आठवड्याला साधारण अर्धा किलो जाईल.

भाऊ शेजारीच बसला होता. "म्हणजे किती दिवस, अक्का?"

"पाच महिने."

तो बोटांवर महिने मोजायला लागला.

रोजचं खाणं लिहायला मी वही केली. दिवसाला तीन भाकरी, एकीच्या दोनशे कॅलरी, वरण, भाजी, ताक. बेरीज रोज बरोबर येत होती. तीन आठवड्यांनी वजन केलं तर काटा अठ्ठ्याहत्तरवरच. मी चिडले. म्हटलं, तुमचं गणितच चुकलं.

त्या मुलीनं वही शांतपणे वाचली. "मॅडम, एका भाकरीला पीठ किती घेता?"

मला सांगता येईना. घरी येऊन पीठ वजनाच्या काट्यावर ठेवलं. दोनशे कॅलरीच्या भाकरीला साठ ग्रॅम पीठ पुरतं; माझ्या हाताच्या सवयीनं एकीला पंचाण्णव ग्रॅम जात होतं. भाजीतलं शेंगदाण्याचं कूट, चटणीवर ओतलेलं तेल तर मी लिहिलंच नव्हतं. सगळं मिळवलं तर पाचशेच्या वर गेलं. जेवढं वजा करायचं तेवढंच मी नकळत पोटात घालत होते. नकळत तरी कसं म्हणू? कूट घालताना डबा माझ्याच हातात असायचा. त्या तीन आठवड्यांत भाऊ सहा वेळा मशीनला जोडला गेला होता. मी ओट्याशी उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवसापासून पीठ मोजूनच मळायला लागले. तेलाचा चमचा ठरवला. संध्याकाळी चालायला जाऊ लागले. पहिले काही दिवस शेवटच्या तासाला फळ्यासमोर डोकं गरगरायचं. मग सवय झाली.

शनिवारी शाळा सुटली की मी नांदेडला जायचे. त्याच्या हातात सुया, उशाशी पाण्याची अर्धी बाटली. दिवसभराला तेवढंच पाणी. मी डबा उघडला की तो तोंड फिरवायचा. एकदा म्हणाला, "अक्का, माझ्यापायी तू उपाशी राहून राहिलीस. मला न्हाई बघवत. नको देऊ किडनी."

"उपाशी न्हाई रे, मोजून खाऊन राहिले," मी म्हणाले. "तू न्हाई का पाणी मोजून पीत?"

त्यानं उशाजवळच्या बाटलीकडे पाहिलं. नंतर म्हणाला, "किती झालं वजन?"

"त्र्याहत्तर."

त्यानंतर दर शनिवारी आधी तोच विचारायचा.

पाचाऐवजी सहा महिने लागले. अडुसष्टवर काटा आला त्या दिवशी आहारतज्ज्ञ मुलीनं वहीवर तारीख घालून सही केली. का ते तिलाही सांगता आलं नसावं.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मला धरून त्याच्या खोलीच्या काचेपर्यंत नेलं. नर्स म्हणाली, किडनी काम करतेय. आत तो झोपला होता, चेहऱ्यावरची सूज बरीच उतरली होती. मला आत जाऊ दिलं नाही. मीही आग्रह धरला नाही. उभं राहवत नव्हतं.

आता तो दुकानात बसतो. आठवड्यातून एकदा फोन करतो. मोटारींचं, पोरांचं बोलतो, दिलं-घेतलं हे कधी काढत नाही. ही किडनी किती वर्षं चालेल ते डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. आम्ही दोघांनीही विचारलेलं नाही.