मिरचीचा हात

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही, पण अंगणात मिरच्या वाळत पडल्या की ठसका नाकात शिरतो आणि ती वरात आठवते. गोंडपिपरीकडच्या एका गावात माझा खच्ची केलेला पांढरा घोडा लग्नाला नेला होता. अशा घोड्याच्या लिंगाच्या खोळीत मळ साचतो, तो अधूनमधून हलक्या हाताने धुवावा लागतो. त्या दिवशी वास फारच सुटला, म्हणून वरातीच्या तोंडावर मी कामाला लागलो. नखं कापलेली, पाणी कोमट, साबण मुळीच नाही. सगळं रीतसर केलं. फक्त त्याआधी मांडवामागे बायकांबरोबर गप्पा मारत लाल मिरच्यांचे देठ खुडले होते, ते विसरलो. नवरदेव चढला, बँड वाजला आणि घोडा फुरफुरत थेट गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, शिरून पोटापर्यंत पाण्यात उभा राहिला. हलेचना. "काऊन टाच मारली त्याले?" सासरा काठावरून ओरडला. "मी नाई मारली जी!" बाशिंग सावरत नवरदेव म्हणाला. मी स्वतःच्या हाताचा वास घेतला आणि तो हात हळूच पाठीमागे लपवला. तेव्हापासून सासुरवाडीत त्याचं नाव पडलं, 'बोडीतले जावई'. परवा बाजारात तो भेटला, केस पार पिकलेले. मी धीर करून तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानेच हात जोडले, "भाऊ, टाच माझीच लागली असन. माफ करा." आणि मी म्हणालो, "जाऊ द्या."