ढग निवतो तेव्हा

हिंदी मुलखातल्या राजेंद्र नगरच्या मराठी मंडळात गणेशोत्सवातलं विज्ञानाचं व्याख्यान म्हणजे श्रीहरी जगदाळे, हे ठरलेलं. बँकेतून निवृत्त, आवाज खर्जातला, कुर्त्याला कडक इस्त्री. धूमकेतू, कृष्णविवर, सूर्यावरचे डाग, सगळ्यांवर त्यांचं बोलून झालं होतं. आणि त्यातला शब्दन् शब्द त्यांच्या बायकोने, वसुंधराबाईंनी, लिहिला होता.

बाई शाळेत फिजिक्स शिकवत. लग्नाआधी त्यांनी पीएच.डी.चं काम सुरू केलं होतं, ताऱ्यांच्या मधल्या वायूच्या ढगांवर: ते तापतात कशाने आणि निवतात कशाने. सासरे दौलतराव म्हणाले, "आमच्या सुनांना गच्चीवरून आकाश दिसतं. तेवढं पुरे." सासऱ्यांवरचा राग बाईंनी केव्हाच सोडून दिला. जुना माणूस, बोलला. पण त्या वेळी शेजारी बसलेल्या नवऱ्याने नुसतं वर्तमानपत्राचं पान उलटलं होतं. तो पानाचा आवाज बाईंनी जपून ठेवला होता.

यंदा मंडळाचा सेक्रेटरी धनेश घरी आला तो उड्या मारतच.

"काकाजी, इस बार तुमच्या सगळ्या व्याख्यानांचं पुस्तक काढतोय मंडळ. कव्हरवर तुमचा फोटो, एकदम झकास. बस, यंदाचं भाषण झालं की मजकूर प्रेसला."

श्रीहरींनी नम्र चेहरा केला. तो त्यांना छान जमे.

धनेश गेल्यावर बाईंनी विचारलं, "पुस्तकावर माझं नाव कुठे येईल?"

"अगं, आडनाव एकच आहे ना आपलं," श्रीहरी म्हणाले आणि टीव्ही लावला.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी यंदाचा विषय निवडला: वायूचे ढग. मग जेवणाच्या टेबलावर बसून त्या लिहायला लागल्या. ताऱ्यांचा उजेड ढगातल्या धुळीवर पडतो, धुळीतून इलेक्ट्रॉन उडतात आणि वायू तापतो. ढगात हायड्रोजन भरमसाट. पण त्या गारठ्यात त्याच्याकडून काही होत नाही. चिमूटभर कार्बन आणि ऑक्सिजन, तेच धडका खाऊन ऊब उचलतात आणि न दिसणाऱ्या उजेडाच्या रूपाने बाहेर टाकतात. थंड करायचं सगळं काम त्यांचं. हे लिहिताना बाईंनी एकदा मान वर करून सोफ्याकडे बघितलं. भरमसाट हायड्रोजन क्रिकेट बघत होता.

शेवटी त्यांनी लिहिलं: 'ढग थंड झाल्याशिवाय तारा पेटत नाही.' खाली रेघ मारली.

कुठल्या वाक्याला वर्गात हात वर होतो, हे जन्मभर शिकवणाऱ्या बाईला नाही कळणार तर कुणाला? आजवर त्या अशा वाक्यापाठोपाठ उत्तरही लिहून ठेवत, म्हणून श्रीहरींना कधी कुणी अडवलं नव्हतं. यंदा त्यांनी उत्तर लिहिलं नाही. श्रीहरींनी कागद आरशासमोर वाचला. "शेवट दमदार झालाय," ते म्हणाले.

व्याख्यानाला हॉल भरला होता. अध्यक्ष म्हणून क्षितिजा नावाची तरुण प्राध्यापिका होती, पुण्याहून नुकतीच इथल्या कॉलेजात आलेली. शेवटच्या वाक्यावर टाळ्या झाल्या. त्या थांबल्यावर क्षितिजाच म्हणाली, "फार सुंदर. एकच शंका काका. ढगाने उष्णता बाहेर टाकून दिली, तर मग ताऱ्यात एवढी उष्णता येते कुठून?"

श्रीहरींनी कागद उलटा केला. मागे कोरा होता. मग त्यांनी पहिल्या रांगेत बायकोकडे बघितलं. बाईंनी मांडीवरची पर्स सरळ केली आणि अगदी शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिल्या. एवढं नीट त्यांनी नवऱ्याकडे कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"ती... आजूबाजूच्या ताऱ्यांकडून येते," श्रीहरी म्हणाले.

"पण ढग थंड व्हायला हवा, असं आत्ताच म्हणालात तुम्ही."

"हो. म्हणजे आधी थंड होतो. नंतर विषय फार टेक्निकल होतो."

"थोडं सांगा ना. ऐकतील सगळे."

मागून कुणीतरी म्हणालं, "बताओ भिया, अब तो ऐकूनच जाऊ." श्रीहरींनी कागद पुन्हा उलटून बघितला. बाई हलल्या नाहीत. बाहेर पडायला एकच दार आहे आणि ते कुठलं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"हे बायकोने लिहिलंय," श्रीहरी अखेर म्हणाले.

हॉल खदखदून हसला. अडलं की बायकोवर ढकलायचं, हा विनोद सगळ्यांच्या घरचा. श्रीहरीही हसायला लागले. सुटलो, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आणि मघाशी बाईंना थोडीशी दया आली होती, ती त्या हसण्याने संपली.

त्या उठल्या, स्टेजवर चढल्या आणि माइकपाशी जाऊन म्हणाल्या, "अहो, जरा सरका."

हे शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. श्रीहरी सरकले.

"सायकलच्या पंपाने हवा दाबली की पंप तापतो," बाई म्हणाल्या. "ढगही स्वतःच्या वजनाने आत पडतो, दाबला जातो, तसा तापतो. सुरुवातीला ती ऊब बाहेर निघून जाते, म्हणून ढग थंड राहतो आणि पडत राहतो. ऊब आतच अडकली असती, तर तिने ढगाला पडूच दिलं नसतं. पुढे मधला भाग इतका दाट होतो की उजेडाला बाहेर पडता येत नाही. तेव्हा तो तापायला लागतो. ताऱ्याची उष्णता अशी पडण्यातून येते. मी यावर काम करत होते. ते का सुटलं, हे जगदाळे सांगतील."

त्यांनी माइक नवऱ्याच्या हातात दिला आणि खाली येऊन बसल्या. हॉलमध्ये कुणी हसलं नाही. श्रीहरींनी माइक तोंडाजवळ नेला, मग टेबलावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी धनेश आला. काकाजींकडे न बघता त्याने विचारलं, "काकू, कव्हरवर नाव..."

"माझं घाल. आणि फोटो नको."

"काकाजींचं, मतलब, संपादक वगैरे?"

"त्यांनी काय संपादन केलं, ते त्यांनाच विचार."

श्रीहरी चपलेचा बंद लावत होते. तो बराच वेळ लागेना. धनेश गेल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "वसू, ते पडण्याचं नीट समजावून सांग मला. फिरायला गेलो की बागेत सगळे विचारतील."

"विचारू देत."

"मी काय सांगू?"

"सांगा, मला माहीत नाही."

श्रीहरींनी चपला काढल्या. त्या आठवड्यात ते फिरायला गेले नाहीत. बाई जात होत्या, रोज, एक फेरी जास्त मारून.