जवळ्याचा डबा

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी, सहा बेचाळीसला सुटणारी शाळेची बस डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या इमारतीखाली चार मिनिटं जास्त थांबली. बसमधल्या आँटींना चष्मा सापडत नव्हता. चष्मा त्यांच्या कपाळावर, स्कार्फच्या कडेला होता. हे बसमधल्या सगळ्या मुलांना दिसत होतं.

"गो बाय, जरा यादी वाचून दे," खाली उभ्या असलेल्या माझ्या मुलीला त्या म्हणाल्या.

मुलगी चौदा वर्षांची, नववीत. अंगात टी-शर्ट, पायात घरातल्या चपला. गेले अकरा दिवस ती शाळेत गेली नव्हती आणि त्या दिवशीही जाणार नव्हती. तिने बसच्या दारात उभं राहून बावीस नावं वाचली आणि ती वर घरी आली. बस गेली.

अशा आँटी तुम्हीही पाहिल्या असतील. बसच्या पायरीवर उभ्या, हातात पॅड, रस्त्यावर एक डोळा. आमच्या आँटी पन्नाशीच्या, रत्नागिरीकडच्या. ड्रायव्हरशी हिंदी, मुलांशी मोडकं इंग्लिश, आमच्याशी मराठी. रडत चढणाऱ्या केजीच्या पोराला त्या एकच सांगायच्या, "यादीत हायस ना? मग खलास. बस."

जानेवारीत मुलीची मैत्रीण कायमची पुण्याला गेली. वडिलांची नोकरी गेली होती. इथे आखातात नोकरी गेली की देश सोडावा लागतो. बसमधली शेजारची सीट रिकामी झाली. त्याच आठवड्यात वर्गात मोठ्याने वाचताना मुलीचा आवाज बंद पडला, आणि मग रोज सकाळी पोटात दुखू लागलं. मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. तिला मी काय, कुठे, कधी, कोण, का, हे पाचही प्रश्न विचारले. ती म्हणाली, "आय डोन्ट नो, बाबा. आय जस्ट कान्ट."

डॉक्टर म्हणाले, दुखणं खरं आहे, पण पोटाचं नाही, भीतीचं आहे. ओढून नेऊ नका, घरातही बसवू नका, पायरी पायरीने न्या. पहिली पायरी कोणती, हे आम्हाला कळत नव्हतं.

ती आँटींनी शोधली. त्या सोमवारच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यांचा फोन आला होता.

"सायेब, पोरगी यादीत हाय, बसमध्ये नाय. उद्या खाली पाठवा."

"ती शाळेत जायला तयार नाही हो."

"शाळेत कोण बोलवतंय? मला वाचायला पायजे. माझा चष्मा हरवणार हाय."

"हरवणार आहे?"

"उद्या. इन्शाल्ला."

मंगळवारी चष्मा गळ्यात होता, बुधवारी हातात. गुरुवारी तो नाकावर होता. मुलगी म्हणाली, "आँटी, इट्स ऑन युअर नोज."

"हा लांबचा. वाच."

त्या सकाळी मुलगी हसत वर आली. मी वेळ पाहिली. पावणेसात.

पुढच्या आठवड्यात आँटींना पुढच्या स्टॉपवरही वाचायला माणूस हवं झालं. मुलगी बसमध्ये, मी मागून गाडीत, एक स्टॉप, आणि दोघं परत. मग दोन स्टॉप. मग शाळेचं फाटक. ती उतरत नसे. पण शाळेत पोचल्यावर सगळ्या सीट तपासून बसच्या मागचं बटण दाबावं लागतं, कुणी पोर झोपून राहिलं तर म्हणून. नाही दाबलं तर बस बोंबलते. आँटींचे गुडघे अचानक दुखू लागले. बटण मुलीकडे आलं. शाळेच्या समुपदेशक बाई हे सगळं आँटींशी आधीच ठरवून बसल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

तिसऱ्या दिवशी शेवटच्या सीटवर स्टीलचा डबा सापडला.

"या अल्ला! केजीतल्या पोराचा. उपाशी राहील गो. देऊन ये."

"मी?"

"मग काय माझे गुडघे देतील?"

मुलगी फाटकाकडे बघत राहिली. मी गाडीचं इंजिन बंद केलं नव्हतं. दोन मिनिटांनी ती डबा छातीशी धरून आत गेली.

केजीच्या बाईंनी डबा उघडला. आत घावणे होते आणि सुक्या जवळ्याची चटणी. वर्गभर वास पसरला. पाच वर्षांच्या एकाही मुलाने तो डबा आपला म्हटला नाही. मुलगी डबा घेऊन समुपदेशक बाईंच्या खोलीत गेली आणि दोन तास तिथेच बसली. दुपारी ड्रायव्हरने मला सांगितलं, आँटी सकाळपासून नुसत्या चहावर आहेत, आज त्यांच्याकडे डबा नाही.

डबा मुलीबरोबर घरी आला. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून माझ्या पत्नीने त्यात थालीपीठं भरली. तो पोचवायला मुलीला बसमध्ये जावं लागलं. आँटींनाही तो रिकामा परत देता येईना. त्यांच्याकडून सांदणं आली. आमच्याकडून शिरा गेला. दोघींपैकी एकही हटेना.

"बाबा, दिस इज अ स्कॅम," मुलगी म्हणाली.

"कुणाचा?"

"ऑल ऑफ यू."

समुपदेशक बाईंच्या खोलीतून ती हळूहळू वर्गात जाऊ लागली. मार्चमध्ये ती सहा दिवस गेली नाही. त्या दिवसांत आँटी खालून फोन करत. मुलीचं नाव काढत नसत. "माझा डबा कुठे हाय?" एवढंच. एप्रिलमध्ये तीन दिवस चुकले. मेमध्ये एक. वर्गात मोठ्याने वाचायला तिने अजून हात वर केलेला नाही.

जूनच्या अखेरीस आँटींची नोकरी संपली, त्या कायमच्या गावी निघाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मुलीच्या हातात डबा दिला. आत घावणे आणि जवळ्याची चटणी.

"आता परत कसा देऊ?" मुलीने विचारलं. मराठीत.

"तो तुझा प्रश्न गो. यल्ला, उतर."

सुट्टीनंतर शाळेच्या पहिल्या दिवशी बसमध्ये नवीन आँटी होत्या. केरळच्या. त्यांना चष्मा नव्हता, यादी त्यांनी स्वतः वाचली. मुलीचं नाव तेरावं होतं. आतून उत्तर आलं. बस सहा बेचाळीसला सुटली. डबा आमच्याकडे आहे.