सहापैकी चौथा

मजकूर कोणाचाही असो, मॅडम आधी त्यावर आडवा तळहात ठेवायच्या. एक ओळ उघडी, बाकी सगळं झाकलेलं. मग विचारायच्या, "एवढंच पोचलं तर?"

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलो, पत्रकंच लिहायला लागलो. माझी वाक्यं लांब आणि जळती असायची. मॅडमच्या तळहाताखाली त्यांचा पार धूर व्हायचा.

जालन्यात मस्तगडला एका दुकानाच्या माडीवर त्या कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या. कॉम्प्युटर तीन, पोरं वीस, लाइटीचा भरवसा नाही. लाइट गेली की फळ्यावर शिकवायच्या. आपल्याकडे अशी माणसं असतात, तुम्हीही पाहिली असतील. आपण त्यांच्याकडून टाइपिंग शिकतो आणि पुढं निघून जातो.

मी त्यांच्याकडे गेलो तो कुंभार पिंपळगावकडच्या एका वस्तीसाठी. तिथली बौद्ध कुटुंबं दोन पिढ्या गायरानाचा तुकडा कसून खात होती. ते अतिक्रमण ठरवून हटवायचं की नाही, याची सुनावणी लागली होती. कोणी हजर राहिलं नाही, तर निकाल परस्पर लागणार होता. आदल्या दिवशी दुपारी कळलं की सुनावणीची जागा बदलली. पत्रक छापून एसटीनं पाठवायला वेळ नव्हता. वस्तीत मोबाइल एकच, कौसाबाईंच्या पोराचा. तो लागत नव्हता, मेसेज मात्र रेंज आली की पोचला असता.

मराठी मेसेजात तेव्हा सत्तर अक्षरं मावायची, काना-मात्रा धरून. लांब मजकूर पाठवला की साध्या फोनवर तो तुटून मागंपुढं यायचा. मॅडमनी पायथनमध्ये छोटासा प्रोग्राम लिहून ठेवला होता. तो मजकूर कापायचा, पण शब्दाच्या मधून नाही, आणि प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर लिहायचा: १/६, २/६.

"नुसतं एक, दोन, तीन टाका की," मी म्हणालो. "सहा कशाला? जागा जाते."

"मंग शेवटचा आलाच न्हाई हे त्यांना कोण सांगनार, पत्रकवाले? काय आलं न्हाई, तेबी माणसाला कळलं पायजे."

एकूण तुकडे किती, हे सगळं कापून झाल्याशिवाय कळत नाही. म्हणून प्रोग्राम आकड्याची जागा राखून आख्खा मजकूर आधी एकदा कापायचा, मोजायचा, आणि मग मागं येऊन पहिल्या तुकड्यावर सहा लिहायचा. "आधी आख्खं बघायचं," मॅडम म्हणाल्या, "मंग पयल्याला हात लावायचा." हक्कांवर मी ढीगभर पत्रकं लिहिली होती. हक्क एवढ्या लहान जागेत बसतो, हे मला माहीत नव्हतं.

केबलनं जोडलेल्या फोनवरून माझ्या मजकुराचे सहा मेसेज गेले आणि लगेच लाइट गेली. थोड्या वेळानं कौसाबाईंचा फोन आला.

"पाच आले. चौथा कुठंय? म्याडमनं दाबून ठिवला का काय?"

चौथ्यातच जागा आणि वेळ होती. मी फोन घेऊन पहिल्यापासून सांगायला लागलो, अन्याय, लढा, एकजूट. मॅडमनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"कौसाबाई, चौथ्यात एवढंच हाय. तहसीलला जाऊ नका. जालन्याला या, मोठ्या हापिसात. सकाळी अकराला."

"एवढंच व्हय? मंग बाकीचे पाच कशाला धाडले?"

मॅडम अंधाऱ्या खोलीत खूप वेळ हसत होत्या. माझ्याकडे पाहून.

सकाळी आख्खी वस्ती आली. साहेबांनी नोटिशीचं पहिलं पान वाचलं, 'हटवण्यात येईल'पाशी थांबले आणि फाइल मिटली. सगळे उठायला लागले. कौसाबाई बसून राहिल्या.

"साहेब, हे कितीपैकी किती झालं?"

"म्हणजे?"

"पानं किती हायेत एकूण? तुमी एक वाचलं."

साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं, कारकुनानं फाइलीकडे. दुसरं पान वाचावं लागलं. हरकत घ्यायला महिन्याची मुदत होती आणि तोवर कुणाला हलवता येत नव्हतं. हरकत त्याच टेबलावर दिली. जमीन आजही त्यांच्या नावावर नाही, पण त्या दिवशी तिच्यावरून कोणी उठलं नाही आणि त्यानंतरही कोणी उठवलं नाही.

मॅडम आता नाहीत. माडीवर कपड्यांचं गोदाम झालंय. मला मात्र ती माडी त्या दुपारची दिसते.

कचेरीतून वस्ती सरळ मस्तगडला आली होती, मॅडमना बघायला. क्लास चालू होता. मॅडमनी खुणेनंच बसा म्हटलं आणि शिकवणं थांबवलं नाही. माणसं बाकांच्या मधे, दारात, जिन्यावर बसली. कौसाबाई हनुवटीला हात लावून फळ्याकडे बघत होत्या. त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. मॅडमनी खडू खाली ठेवला, पोरं दप्तरं घेऊन निघून गेली, तरी बाकांपासून जिन्यापर्यंत वस्तीतलं कोणी हललं नाही, अजून काही यायचं राहिलंय असं धरून.