बाल्कनीवाली केबिन

आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही — आईला नाही, बाबांना नाही, आणि जिला वाटतं की मी तिला सगळं सांगते, त्या मैत्रिणीलाही नाही. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. शाळा इंग्लिश मीडियमची, मराठी घरापुरती. पण दोन वर्षं एका क्रूझ जहाजाच्या रिसेप्शनवर उभी राहून मी इंग्रजीतच हसत होते, नको असलेल्या माणसांना भेटून आनंद झाला म्हणत होते. त्या भाषेत माझं खोटं फार सफाईदार आहे. म्हणून मराठी.

तर — महामारी आली. पाहुणे उतरले, आम्ही कामगार आतच राहिलो. कुठलंच बंदर आम्हाला उतरू देईना. जहाज समुद्रात नांगर टाकून उभं, आणि घरी कधी जायचं याशिवाय दुसरा विषय नाही. मोठमोठे पुरुष फोनवर रडायचे. बातम्यांत आम्ही 'अडकलेले' होतो.

मी अडकले होते का? इथेच तर अडतं.

कामगारांच्या केबिन जहाजाच्या पोटात असतात. खिडकी नाही, दोघींत एक खोली, एकावर एक पलंग. माझ्या खाली गोव्याची शर्लिन झोपायची. साथ पसरू नये म्हणून कंपनीने प्रत्येकाला पाहुण्यांची एकेक केबिन दिली. मला बाल्कनीवाली मिळाली. सकाळी कुणीतरी ताप बघून जायचं, जेवण दाराबाहेर ठेवायचे, बाकी दिवसभर कुणी नाही. हसायचं नाही. उत्तर द्यायचं नाही. घरी, माळव्यात, माधव नगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी कायम बाहेरच्या खोलीत झोपलेली — आलेले पाहुणे उठून जाईपर्यंत पांघरूण घेऊन वाट बघणारी. माझी अशी खोली आयुष्यात पहिल्यांदा मिळाली.

मग ऑफिसमधून फोन आला. भारतात जाणाऱ्या खास विमानात माझं नाव होतं. मी म्हणाले, माझ्या जागी शर्लिनला पाठवा, तिचं बाळ लहान आहे. बाळ खरं होतं. कारण खोटं होतं. घरी सांगितलं — माझं नाव आलं नाही.

एवढंच असतं तर मी हे कधीच सांगून टाकलं असतं. थोडं सजवून. कौतुकही झालं असतं.

पण त्यानंतर बाबांचा फोन आला. "तुझ्या आईने नवस बोललाय. तू घरी येईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. मी म्हटलं, अगं, मंदिर बंद, रस्ते बंद, कोण बघतंय? तर म्हणते, ज्याला बघायचं तो बघतोय."

मागून आईचा आवाज — "तिला कशाला सांगता? फालतूचं टेन्शन." आणि मग फोन घेऊन, "बेटा, जेवलीस का?"

मे महिना होता. माळव्यातली गच्ची भर दुपारी तापलेला तवा असते, आणि आई तिथे पापड वाळत घालायला अनवाणी जात होती. दुधाच्या रांगेत डांबरावर अनवाणी उभी राहत होती. समोरच्या शर्मा आंटी वरून ओरडायच्या, "भाभी, चप्पल पहन लो, महाकाल नाराज नहीं होंगे." आई म्हणायची, "नाराज नहीं होंगे, पर लड़की भी तो नहीं आएगी." हे ती मला हसत हसत सांगायची.

आईला शुगर आहे. तळपायाला चटका बसला तरी तिला नीट कळत नाही. हे मला माहीत होतं का? होतं. सगळंच माहीत होतं.

आणि पुन्हा फोन आला. पुढच्या विमानात जागा आहे, जाणार ना?

मी म्हणाले — ज्यांना जास्त गरज असेल त्यांना द्या.

फोन ठेवला, बाल्कनीत जाऊन बसले. घरी कळवलं, याही वेळी नाव नाही. आई म्हणाली, "असू दे. त्याच्या मनात येईल तेव्हा." तिने पुढे काही विचारलं नाही याचंच मला बरं वाटलं.

जहाज रिकामं व्हायला लागलं तेव्हा आले. म्हणजे पाठवलं म्हणून आले. आईने दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. तिच्या उजव्या पायाला पट्टी होती. फोड फुटला, तो तिला कळला नाही, जखम चिघळत गेली. शेवटी पायाची करंगळी काढावी लागली. आता रामघाटाच्या पायऱ्या ती उतरत नाही. वरूनच क्षिप्रेला हात जोडते, आणि सोबतच्या बायकांना सांगते, नवस फळला. बायका माझ्याकडे बघतात — पोरीने काय काय सोसलं असेल. मी मान खाली घालते. लाजाळू मुलगी गप्प बसली तर कुणी कारण विचारत नाही. त्याचा मी वर्षानुवर्षं फायदा घेतलाय.

हे लिहिलं आणि हलकं वाटतंय. खूपच हलकं. तेही लपवत नाही.

फक्त एक राहिलंय. तुम्हाला वाटेल, त्या केबिनमध्ये मन मला खात असेल. नाही. खायला लागलं ते इथे, पट्टी बघितल्यावर. तिथे मी सकाळी कॉफी घेऊन बाल्कनीत बसायचे, पाय कठड्यावर टाकायचे. तळव्यांना गार वारा लागायचा. आई अनवाणी आहे हे ठाऊक होतं, आणि मी सुखात होते. इतकी सुखात मी त्याआधी कधी नव्हते.