मावसोबांची वायर

वायरीवर माझ्या मावसोबांइतका विश्वास साऱ्या सातारा जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नसेल. लष्करात वीस वर्षं त्यांनी डोंगरदऱ्यांतून टेलिफोनच्या तारा ओढल्या. निवृत्त होऊन लोणंदजवळच्या गावी आले, तरी हात थांबला नाही. त्यांच्या दारावरची बेल दाबली की ती घरात वाजते, गोठ्यात वाजते आणि उसाच्या बांधावरही वाजते. पाहुणा आल्याचं म्हशीला आधी कळतं. मोबाइलवर बोलताना त्यांचं प्रत्येक बोलणं 'ओव्हर'ने संपतं आणि समोरच्यानेही तसं म्हटल्याशिवाय ते पुढे बोलत नाहीत. एकदा मी विसरलो, तर दहा मिनिटं ते फोन कानाला लावून गप्प उभे होते.

त्यांची लेक बंगळुरूला असते. तिने नातीचे व्हिडिओ बघायला एक टॅब पाठवला. पण मावशीला काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही आणि उरलेलीही हळूहळू जाईल, असं डॉक्टरांनी सांगून टाकलेलं. टॅबवरची नात म्हणजे तिला नुसता हलणारा ठिपका. "आवाज येतोय की, लय झालं," ती म्हणाली. मावसोबांना तेवढ्याने भागणार नव्हतं. "टीव्हीवर मोठी करून दाखवतो. तुला दिसतंय तवरच दाखवतो!" असं म्हणून त्यांनी कंबर कसली.

लोणंदला हवी ती वायर मिळालीच नाही. शिरवळची टीव्हीत बसली, टॅबमध्ये बसेना. साताऱ्याची दोन्हीकडे झकास बसली, पण पडद्यावर काळोख. शेवटी टॅब टॉवेलात गुंडाळून मावसोबा एसटीने थेट सांगलीला, विश्रामबागेत माझ्या दारात हजर. मी त्यांना ओळखीच्या दुकानात नेलं. दुकानदार म्हणाला, "आजोबा, ह्या टॅबमधनं वायरीनं चित्र बाहेर पडतच न्हाई. टीव्ही नवा असंल तुमचा, तर वायफायवरनं पाठवा."

"हवंतनं?" मावसोबा कडाडले. "हवंतलं कोणबी पकडतंय! तार पायजे, तार!"

"आवं, तुमची नात बघाया दुश्मन कशाला येतोय?"

मावसोबा फणकाऱ्याने गावी परतले आणि त्याच साताऱ्याच्या वायरीशी आणखी चार दिवस झुंजले. पाचव्या दिवशी मावशीने चहाचा कप टेबलावर ठेवला, तो टेबलाच्या कडेबाहेर. मावसोबांनी तुकडे गोळा केले आणि मला फोन लावला. "हवंतनं कसं पाठवत्यात, सांग. ओव्हर."

मी एकेक पायरी सांगत गेलो, ते ती मोठ्याने म्हणत बटणं दाबत गेले. अर्ध्या तासाने टीव्हीतून नातीचं हसणं ऐकू आलं. मग मावशीचा आवाज, "आवं, हिच्या गालाला खळी पडती! तुमी कवा बोलला न्हाई!"

मी बराच वेळ 'ओव्हर'ची वाट पाहिली. त्या दिवशी मावसोबा म्हणायचं विसरले.

आता मावशीला टीव्हीवरचंही दिसत नाही. तरी रोज संध्याकाळी मावसोबा ती साताऱ्याची बिनकामाची वायर आधी दोन्हीकडे खोचतात, मगच हवेतून चित्र लावतात. मावशीशेजारी बसून सांगू लागतात. मी तिथे असलो की उगाच गोठ्याकडे जाऊन येतो. पण आवाज तिथवरही पोचतो.

"हसली. खळी पडली. ओव्हर."

"दिसली," मावशी म्हणते. "ओव्हर."